चौतीसशेचं सामान, बाबांची गाडी आन ती टनटन

आधीच सांगून देतो, दुकानाचं नाव नाही टाकत. वर्ध्यातलं गाडीच्या सामानाचं दुकान आहे एवढंच समजा, दुकानदार ओळखीचा आहे, त्याच्या बायकोचं माहेर आमच्या गावाजवळचं, आन मला पुन्हा त्याच्याच दुकानात वायपर घ्यायला जावं लागते. पण घरोघरी म्हातारे मायबाप गाडीत नेणारे लोक आहेत, त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून वर्षभर सगळं वापरून मग लिहून राहिलो. एकूण ३३८० रुपये गेले. दाराचं हँडल ३८०, फिरती गादी १२५०, साईड मिररला चिकटवायचे गोल आरसे १८०, बेल्टवर गुंडाळायचे पॅड २२०, पायाखालचे मॅट ९५० आन हेडलाइटची पॉलिश ४००. यातलं निम्मं कामाचं निघालं, आन जे सगळ्यात कामाचं होतं त्याला तं एक रुपया लागला नाही.

झालं असं की मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आम्ही वापस येत होतो. बाबा चालवत होते, मी बाजूला, आई मागं. बाबांचं वय ७२, पण स्टेअरिंग सोडत नाहीत, ट्रॅक्टर चालवलेला माणूस, दुसऱ्याच्या हातात गाडी दिली की त्यांचा उजवा पाय तिकडं बसल्या बसल्या ब्रेक दाबत राहते. दिवस मावळला होता, आर्वी रोडनं येऊन राहिलो होतो आन कपाशीच्या वावरातून एकदम रोही आडवी. (तिकडच्या लोकांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, आन एक गेली म्हणून गाडी पुढं काढायची नाही, तिच्यामागं अजून दोन असतातच.) बाबांनी कचकन ब्रेक मारला, रोही निघून गेली, गाडी कुठं धडकली नाही, मी हुश्श करतो तोवर मागून आवाज आला, "अवं माय वं!"

आई बिनबेल्टची बसली होती, समोरच्या सीटच्या पाठीवर खांदा आपटला. स्पीड पन्नासच्या वर नसेल. पण पन्नासलाही गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, ब्रेकनं गाडी थांबते, मागच्या सीटवरचं माणूस तसंच पुढं जाते. एक्सरे काढला, हाड मोडलं नव्हतं, पण दीड महिना तिचा हात वर होत नव्हता, वेणी बहीण घालून देत होती. तरण्या माणसाला तेवढ्यानं काही झालं नसतं. ६८ व्या वर्षी हाडं ठिसूळ असतात आन धडक न होताही असं होते, हे मला तेव्हा समजलं.

आता बेल्ट काहून नव्हता लावला? तं मागं बेल्टच नव्हता. म्हणजे होता, पण गाडी २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकानं जे सीट कव्हर चढवलं त्याच्याखाली मागच्या सीटची तिन्ही बकलं दबून गेलेली. तीन वर्षं आम्ही गाडी वापरली आन एकाच्याही डोक्यात आलं नाही की मागं बकल कुठं आहे. तुमची गाडी उभी असेल तं आत्ता जाऊन पाहा, दहातल्या पाच गाड्यांत हेच निघेल अशी माझी पैज आहे. मागच्या सीटलाही बेल्ट लावायचा कायदा काही नवा नाही, मोटार वाहन नियमात तो केव्हाचाच आहे, दंड १००० रुपये आहे, पण ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरकडं उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बिनबेल्टचे अपघातात गेले तेव्हा आठ दिवस टीव्हीवर चर्चा झाली, आन नवव्या दिवशी सगळे पुन्हा बेल्टच्या बकलावर बसून फिरायला लागले. आम्ही पण.

तं मी दुकानात गेलो. म्हटलं, भाऊ, हे बकल वर काढून द्या. तो म्हणे कव्हर खराब होईल, त्यापेक्षा नवीनच टाकून घ्या, साडेपाच हजारात चकाचक करून देतो. मी म्हटलं मला चकाचक नको, मला बकल पाहिजे. तिथं एक पोरगा काम करत होता, अठरा-एकोणीसचा असेल, त्यानं मालक चहाला गेल्यावर ब्लेडनं तीन चिरा मारल्या, कडेला टाके घालून दिले आन बकलं वर काढून दिली. पैसे घेतले नाही. चहाही नाही घेतला. या पूर्ण खरेदीत सगळ्यात भारी काम हेच झालं आन ते बिलातच नाही. (नवीन गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट त्या पोरानंच सांगितली, ज्या गाड्यांत एअरबॅग सीटच्या बाजूलाच बसवलेली असते तिथं साधं कव्हर चढवलं तं ती उघडताना अडकू शकते, त्यासाठी वेगळ्या शिलाईचं कव्हर येते. सीटच्या बाजूला एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी असेल तं आधी विचारून घ्या.)

मालक चहा पिऊन आला आन मोठ्या मनानं एक वस्तू मला फुकट दिली. बेल्टच्या बकलात घालायची ती लोखंडी पट्टी, म्हणजे बेल्ट लावला नाही की गाडी जी टनटन करते ती बंद. "म्हाताऱ्या माणसाले लय कटकट होते भाऊ, घ्या, आपल्याकडून." आता ही वस्तू ऑनलाइन विकण्यावर मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बंदी आणली, मोठ्या मोठ्या पाच साइटींना काढून टाकायला लावली, आन आमच्याकडं ती काउंटरवर भेट म्हणून भेटते! मी घेतली नाही. म्हणजे मला वाटलं की मी घेतली नाही. बाबांनी ती माझ्यामागं गुपचूप खिशात टाकली होती, आन संक्रांतीपर्यंत, तब्बल दोन महिने, ती घालून गाडी चालवत होते. आईला बेल्ट लावायला लावायचे आन स्वतः बिनबेल्टचे. मला कळलं कसं, तं एक दिवस मी गाडी काढली, बेल्ट लावायला गेलो आन बकलात आधीच काहीतरी बसलेलं.

मी म्हटलं, "बाबा, हे काय होय?"

"ते टनटन करते म्हणून."

"तुम्ही बेल्ट लावला की नाही करत ते."

"मले सवय नाही बेल्टाची. चाळीस वर्षं झाले चालवून राहिलो."

वाद घातला नाही. ती पट्टी काढली आन आईच्या हातात दिली. आईनं ती काय केली ते मी विचारलं नाही आन बाबांनीही विचारलं नाही.

आता सामानावर येतो.

दाराचं हँडल. डोळे झाकून घ्या. दार उघडलं की गाडीच्या खांबावर यू आकाराचा लोखंडी कडा दिसतो, दाराचं लॉक ज्यात अडकते तो, त्यात या हँडलचं टोक घालायचं आन मग त्याच्यावर जोर देऊन उठायचं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, आधी ती उतरताना दार धरायची, आन दार हलते, एकदा दारासकट बाहेर झुकली होती. या हँडलवर ती आता कोणाचा हात न धरता उतरते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, उतरून झालं की हँडल काढून घ्यायचं, आमच्या भाच्यानं ते तसंच राहू देऊन दार आपटलं, दाराला आतून चेंब पडला, वाचलं तेच नवल. दुसरं, त्याच्या टोकाला काच फोडायची टोची आन बेल्ट कापायची पाती असते, टोची बाजूच्या काचेवर कोपऱ्यात मारायची, समोरच्या मोठ्या काचेवर मारून काही होत नाही, ती दोन थरांची असते, तडकते पण गळत नाही. पाती चालते का ते मी जुन्या पट्ट्यावर करून पाहिलं, चालते.

फिरती गादी. इथं माझे १२५० गेले. गोल गादी, खाली चकती, बसलं की माणूस गर्रकन दाराकडं फिरते. दुकानात बसून पाहिलं तं लय मजा आली. घरी आल्यावर आईला आवडलीही. पण ती गादी तीन-चार बोटं जाड आन वरून मऊ, आईला तिच्यावर बसवून बेल्ट लावला की कमरेचा पट्टा पोटावर चढून राहिला. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर पाहिजे. खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून, छातीच्या मधोमध. गादी मऊ आन वरून घसरती असली तं ब्रेकमध्ये माणूस पट्ट्याच्या खालून पुढं सरकते आन मग तोच पट्टा पोटात घुसते, आतले अवयव फाटतात. म्हणजे चढाउतरायला सोपी, पण चालत्या गाडीत नको. चढवा, फिरवा, मग गादी काढा, असं कोण करते?

त्याचा फुकट उपाय आहे. कापडाच्या दुकानात साडीसोबत जी सुळसुळीत प्लास्टिकची पिशवी देतात ती सीटवर अंथरायची. आधी पाठ करून सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय जोडून एकदम आत घ्यायचे, पिशवीवरून अंग आपोआप फिरते, मग पिशवी ओढून घ्यायची आन बेल्ट लावायचा. आपले म्हातारे लोक आधी एक पाय आत टाकतात आन मग वाकून डोकं घालतात, त्यातच गुडघा पिळते आन डोक्याला दाराची चौकट लागते. आईला ही पद्धत शिकायला दोन दिवस लागले. गादी आता देवघरासमोर आहे, आई तिच्यावर बसून पोथी वाचते आन मधीच फिरून स्वयंपाकघरात कोण काय करून राहिलं ते पाहते.

जावयाच्या उंच गाडीसाठी मात्र पाट लागतो. जेवायचा पाट. डिक्कीत ठेवलेला असतो. दुकानात याचीच फोल्डिंग प्लास्टिक आवृत्ती ७०० ला होती, घेतली नाही, आमचा सागवानी आहे.

बेल्टचे पॅड. ठीक. म्हणजे सुरक्षेच्या हिशोबानं त्यात काही नाही, पण आई लुगडं नेसते, गळ्याजवळ पदर, काठ, त्यावर बेल्ट, तिला टोचायचं आन ती बेल्ट हातानं ओढून काखेखाली घ्यायची. ते लय वाईट, काखेखालून गेलेला पट्टा बरगड्या मोडते. पॅड लावल्यापासून ओढत नाही, म्हणून २२० वसूल. बेल्ट ढिला राहावा म्हणून काही लोक वरती कपड्याचा चिमटा लावतात, आमच्या काकांच्या गाडीत आहे, त्यांना सांगितलं तं म्हणे तुझ्यापेक्षा माझं आयुष्य मोठं आहे. बरं.

एक मात्र जुन्या गाडीवाल्यांनी पाहून घ्या, मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याला बहुतेक नुसता कमरेचा पट्टा असते, खांद्याचा नसते. म्हाताऱ्या माणसाला मधात कोंबू नका, खिडकीजवळ बसवा. आपल्याकडं आजीला "मधात बस, हवा लागणार नाही" म्हणतात, प्रेमानंच म्हणतात.

गोल आरसे. बाबांच्या मानेला स्पॉन्डिलायटिस आहे, मान मागं फिरत नाही. वावराच्या पांदणीतून डांबरी रोडवर चढताना ते फक्त आवाजावर गाडी काढायचे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. १८० रुपयांचे दोन आरसे, आन बाजूनं येणारी मोटरसायकल दिसायला लागली. फुगीर आरसा आहे, त्यात मागची गाडी दूर वाटते आन असते जवळ, हे त्यांना उभ्या गाडीत बसवून, मागं सायकल उभी करून दाखवावं लागलं. वाईट गोष्ट एकच, मे महिन्यात एक आरसा गळून पडला. आमच्याकडच्या उन्हात पंचेचाळीस डिग्रीत गोंद काय टिकते. दुकानदार म्हणे उन्हात गाडी ठेवू नका. भाऊ, विदर्भात गाडी ठेवायची कुठं मग, फ्रिजमध्ये? आन उन्हाचं निघालं म्हणून सांगतो, बेल्टचं बकलही तापते, आईच्या हाताला चटका बसला होता, आता उभी गाडी असली की बकलावर ओला दुपट्टा टाकून ठेवतो. आन म्हातारं माणूस बंद गाडीत "दोन मिनिटात आलो" म्हणून ठेवून बाजारात जाऊ नका, लहान पोराइतकाच त्यांनाही धोका असते.

आता हेडलाइट. बाबांची तक्रार होती की रात्री दिसत नाही, मला पांढरे एलईडी पाहिजे. दुकानदार तं तयारच, ३५०० ची जोडी काढून ठेवली. मी म्हटलं आधी काच पाहा. प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडून दुधाळ झालेली. ४०० रुपयांत पॉलिश केली, गाडीची समोरची मोठी काच आतूनही पुसली (आतून कोणी पुसत नाही, तिच्यावर धूळ आन तेलकट थर असते, समोरून लाईट आला की सगळी काच पांढरी होते), आन फरक लगेच दिसला. बाहेरचे भगभगीत बल्ब टाकले असते तं समोरच्याचे डोळे फुटले असते, समोरचा पण कोणाचा म्हातारा बापच असते.

पण पॉलिशनंही बाबांना पुरेसं दिसेना. तिथं मला शंका आली. लायसन्स तं दोन वर्षांआधीच रिन्यू केलं होतं, ५५ च्या वर पाच पाच वर्षांचंच भेटते आन डॉक्टरचं फॉर्म १-अ चं सर्टिफिकेट लागते. ते सर्टिफिकेट आम्हाला कसं भेटलं ते सांगतो, बाबा बाहेर खुर्चीत बसले होते, मी आत गेलो, पैसे दिले, सही घेऊन आलो. डॉक्टरनं बाबांना पाहिलंही नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, काम लवकर झालं म्हणून. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो.

मग सेवाग्रामलाच डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. तिथल्या डॉक्टर मॅडमनं लय चांगलं समजावलं, म्हणे साठीच्या पुढं डोळ्यात उजेडच कमी शिरते, विशीच्या पोराच्या साधारण एक तृतीयांश, त्यात मोतीबिंदूनं समोरचा लाईट पसरते आन डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला वेळ लागते. म्हणजे दोन-तीन सेकंद गाडी आंधळीच चालते, आन आपल्या रोडवर त्या दोन सेकंदात काय असू शकते तं बिनलाइटची कापसानं भरलेली बैलबंडी. बाबा शांत बसून ऐकत होते. मग म्हणे, "म्हणजे त्या दिवशी रोही मले उशिरा दिसली?" मॅडम काही बोलल्या नाही. मी पण नाही.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, महिन्याच्या फरकानं. आता बाबा दिवसाच चालवतात, दिवस मावळला की चाबी माझ्याकडं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं, मी सांगितलं असतं तं झालं नसतं. सर्दीची गोळी घेतली की चालवत नाहीत, हे पण त्याच मॅडमनं सांगितलं, बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते आन कळतही नाही.

सीट पण नीट केली, हे पण फुकटातलंच. बाबा स्टेअरिंगला छाती टेकवून बसायचे, कमी दिसायचं म्हणून. एअरबॅग ज्या जोरानं उघडते, तिच्यात आन छातीत कमीत कमी २५ सेंटीमीटर अंतर पाहिजे, वीतभर आन वर चार बोटं समजा. सीट मागं घेतली, थोडी वर उचलली, डोक्यामागची उशी कानाच्या वर येईल अशी केली, ती आधी सगळ्यात खाली दाबलेली होती आन तिच्यावर टॉवेल टाकलेला. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती आईनं स्वतः काढून आत कप्प्यात ठेवला. बाबा म्हणे आता गाडीचं रक्षण कोण करन. आई म्हणे, "आतून करन."

शेगावला समृद्धीनं गेलो तेव्हा येळाकेळीला चढलो, मीच चालवत होतो, १२० ची मर्यादा आहे पण मी नव्वदच्या वर नेली नाही, मागून हॉर्न देणारे देत राहिले. आई मागं खिडकीजवळ, बेल्ट लावून, झोपली होती, आन झोपेत पुढं कलंडली नाही. दीड तासानं थांबून दोघांना चालवलं, पाय सुजतात नाही तं.

राहिले मॅट. ९५० चे, नक्षीदार, मस्त दिसायचे. दुसऱ्याच आठवड्यात ड्रायव्हरकडचा सरकून पुढं गेला आन त्याची कड ॲक्सिलेटरच्या खाली दुमडली, गावातल्या गावात होतो म्हणून बरं. खाली अडकवायची खुंटीच त्याला नव्हती. परत करायला गेलो तं दुकानदार म्हणे वापरलेला माल घेत नाही, आन बाबांना चप्पल घालून चालवू देऊ नका. चपलेचं बरोबर बोलला तो, बाबांना कॅनव्हासचे बूट घेऊन दिले, टाच सुटत नाही. पण ९५० गेले.

तं हँडल घ्या, आरसे घ्या पण हिवाळ्यात चिकटवा, पॅड मन असेल तं, गादी नको. दुकानाला पाचपैकी दोन स्टार, ते दोन्ही त्या ब्लेडवाल्या पोराचे. तो आता तिथं नाही म्हणतात, पुलगावकडं कुठंतरी स्वतःचं टाकलं, शोधून राहिलो. मॅट गोठ्यात म्हशीच्या टाक्याखाली टाकला आहे, तिथं सरकत नाही.